त्रेचाळीस नातेवाईक

दवाखान्यातली मदतनीस सकाळी सव्वाअकराला गाव कार्यालयाच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात पावणेसहा तास होते. आरोग्य खात्याने गावच्या उपकेंद्रासाठी मदतनिसाची एक कायम जागा काढली होती. अर्ज ऑनलाइन, मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. गेली सहा वर्षं ती याच जागेवर तात्पुरती होती. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवून तिला पुन्हा कामावर घेतलं जाई. बाकीची कागदपत्रं चढवून झाली होती. राहिला होता तो गावात दहा वर्षांहून जास्त राहत असल्याचा दाखला. तो जोडला नाही तर जागा बाहेरच्या कुणाला तरी जाणार होती आणि तिचं तात्पुरतं कामही संपणार होतं.

गावातली मुलं तिला सुईताई म्हणत. सुई ती कधीच टोचत नसे. सुई नर्सच्या हातात असे. सुईताई फक्त मूल घट्ट धरून ठेवी, आणि मुलांचा राग धरणाऱ्यावर निघे.

दाखल्यासाठी ती त्या आठवड्यात तिसऱ्यांदा येत होती. सोमवारी आणि बुधवारी लिपिकबाईंनी तिला सर्व्हर डाउन असल्याचं सांगितलं होतं. आज शुक्रवार होता. तिने दारातूनच विचारलं, आज तरी चालू आहे का. लिपिकबाईंनी स्क्रीनवरची नजर न हलवता तिला बाकावर बसायला सांगितलं.

सर्व्हर सोमवारीही चालू होता आणि बुधवारीही. हे लिपिकबाईंना ठाऊक होतं, कारण त्या दोन्ही दिवशी त्यांनी इतरांचे मिळून एकोणीस दाखले काढले होते.

दोन वर्षांपूर्वी वरून आदेश आला होता की गावाचं सगळं दप्तर क्लाउडवर चढवायचं. तेराशे सहा कुटुंबं, चाळीस दिवस, दोन कॉम्प्युटर, त्यातल्या एकाची एंटरची कळ जोरात दाबावी लागे. दोन-तीन माणसं कार्यालयात येऊन विचारून गेली, की आमची घरं आता नेमकी कुठे ठेवलीत? लिपिकबाई वर बोट दाखवत. दूरच्या एका इमारतीतल्या मशीनमध्ये, असं समजावून सांगायला वेळ नव्हता.

नावं, घर क्रमांक, जन्मतारखा हे सगळं जुन्या नोंदवह्यांत होतं. मोबाइल नंबर नव्हते. आणि नवी प्रणाली नंबराशिवाय कुटुंब स्वीकारत नव्हती. रकाना रिकामा ठेवला की लाल चौकट येई. दहा शून्यं टाकली तरी लाल चौकट. घरोघरी फिरून नंबर गोळा करायला सुरुवात झाली. पण काही घरांना कुलूप होतं, काहींनी नंबर सांगायला नकार दिला, आणि बऱ्याच घरांत कुटुंबप्रमुख म्हणून नोंद होती ती फोन न वापरणाऱ्या म्हाताऱ्याची. सुईताईचं घर त्यातलंच. नोंद तिच्या सासऱ्याच्या नावावर होती. सदतिसाव्या दिवशी दोनशे चौदा कुटुंबं उरली.

तेव्हा लिपिकबाईंनी एका कुटुंबासमोर स्वतःचा नंबर टाकला. चौकट हिरवी झाली. त्यांनी दुसऱ्या कुटुंबासमोर तोच टाकला, मग तिसऱ्या. सहाव्याला प्रणालीने सांगितलं की एक नंबर पाचच कुटुंबांना वापरता येईल. त्यांनी नवऱ्याचा टाकला. मग मोठ्या नणंदेचा, धाकट्या नणंदेचा, दोन्ही दिरांचा, भावाचा, भावजयीचा, मावसबहिणीचा, व्याह्यांचा. त्यांचे नातेवाईक संपल्यावर शिपायाचे घेतले, शिपायाचे संपल्यावर सचिवसाहेबांचे. एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी त्रेचाळीस नातेवाईकांमध्ये दोनशे चौदा कुटुंबं बसली. एक जागा उरलीसुद्धा.

गाव जिल्ह्यात पहिलं आलं. सचिवांनी व्यासपीठावर जाऊन ढाल घेतली. शंभर टक्के क्लाउड झालेल्या कार्यालयाने जुन्या नोंदवह्या जमा करायच्या होत्या. त्या ट्रकमध्ये भरून गेल्या आणि त्यानंतर कुणी पाहिल्या नाहीत.

नंबर नेमका कशासाठी मागतात ते महिन्याभराने कळलं. कुठलाही दाखला काढायचा तर त्या कुटुंबाच्या नंबरावर सहा आकडी कोड जाई. पाच मिनिटांत तो भरला नाही तर बाद. दिवसाला तीन प्रयत्न. आणि नंबर बदलायचा असेल तर त्याचाही कोड आधी जुन्या नंबरावर जाई.

तेव्हापासून कार्यालयाच्या कामाची एक पद्धतच पडून गेली. समोर माणूस दाखल्यासाठी बसलेला असे आणि लिपिकबाई खिडकीशी जाऊन नणंदेला फोन करत. नणंद जेवायला बसलेली असली तरी उठून चष्मा शोधे आणि आकडे वाचून दाखवी. व्याही तर आवाज ओळखला की नमस्कारही न करता आकडे सांगू लागत. समोरच्या माणसाला वाटे, बाई वरिष्ठांशी बोलतायत.

सुईताईचं कुटुंब लिपिकबाईंच्या धाकट्या जावेच्या नंबराखाली होतं. आणि धाकटी जाऊ वर्षभर लिपिकबाईंचा फोन उचलत नव्हती.

साडेअकराला लिपिकबाईंनी सुईताईचा कुटुंब क्रमांक टाकला आणि बटण दाबलं. कोड गेला. त्यांनी मन घट्ट करून जावेचा नंबर लावला. तो पुरुषाने उचलला, राँग नंबर म्हणाला आणि ठेवला. पुन्हा लावला तर तो नुसताच वाजत राहिला. पाच मिनिटं गेली. एक प्रयत्न संपला.

मग त्यांनी धाकट्या दिराला फोन केला. त्याने तिसऱ्या रिंगला उचलला आणि विषय ऐकून घेतला.

"वहिनी, तिने तो नंबर कधीच सोडला. वर्ष होईल आता. तुम्हाला कळवलं नाही का? ती तर म्हणाली, सगळ्यांना कळवलं."

नवा नंबर त्याने दिला, पण मी दिलाय हे सांगू नका म्हणाला. दुसऱ्या कुणाकडून मिळणं शक्य नव्हतं हे त्यालाही माहीत होतं.

जाऊ कापडाच्या दुकानात मापं घ्यायची आणि कापड कापायची. तिने फोन उचलला तेव्हा मागे कात्रीचा आवाज येत होता आणि तो बराच वेळ थांबला नाही. लिपिकबाईंनी थोडक्यात अडचण सांगितली. जावेने ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग वर्षभर साठवलेलं सांगितलं. तिच्या नंबराखालच्या एका घरात वाटण्या चालू होत्या तेव्हा एका आठवड्यात चौदा कोड आले होते. मालक समोर उभा असताना फोन वाजे, गिऱ्हाइकाचं माप चुके. ती बोलली तर घरच्या सगळ्यांसमोर लिपिकबाई म्हणाल्या होत्या की सहा आकडे वाचायला काही डिग्री लागत नाही.

"त्या पाच घरांची मी कोण लागते, वहिनी? मला त्यांच्या घरात घातलंत, आणि ना त्यांना विचारलंत ना मला."

"चुकलं माझं," लिपिकबाई म्हणाल्या. "पण आत्ता तो नंबर कुणाकडे आहे?"

"कंपनीने दिला असेल कुणाला तरी. मी काय त्याला ओळखते?"

एवढं बोलून ती थांबली, आणि मग जरा खालच्या आवाजात तिने विचारलं, दाखला कुणाचा आहे. सुईताईचं ऐकल्यावर कात्री थांबली. गेल्या वर्षी तिच्या लेकीला त्याच उपकेंद्रात धरून बसलेली बाई ती हीच. पण त्याचा आता काही उपयोग नव्हता, आणि दोघींनाही ते कळत होतं.

बारा वाजता सुईताई बाकावरून उठून गेली. लसीकरणाचा दिवस होता, तीनपर्यंत तिला उपकेंद्रात थांबणं भाग होतं. जाताना तिने विचारलं, येतंय का वरून काही? लिपिकबाई म्हणाल्या, येतंय, येतंय.

त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं एकच धून वाजली. मग एका मुलीने प्रश्न नोंदवून घेतला, तक्रार क्रमांक दिला आणि अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येईल असं सांगितलं. लिपिकबाईंनी आजच पाचला मुदत संपते म्हणून सांगितलं तेव्हा मुलीने तीही माहिती तक्रारीत जोडली. पाच मिनिटांत तक्रार बंद झाल्याचा संदेश आला. कारण दिलं होतं: कुटुंबाचा नंबर चालू स्थितीत आहे.

एक वाजता त्यांनी दुसरा प्रयत्न केला. या वेळी बटण दाबण्याआधी त्या नंबरावर फोन लावून, गाव कार्यालयातून बोलतेय, आत्ता सहा आकडे येतील तेवढे सांगा, अशी विनंती केली. पलीकडचे गृहस्थ वयस्कर वाटत होते. ते म्हणाले, "हे आकडे पाठवणारे तुम्हीच का? गेल्या महिन्यातही आले होते. मी कुठल्याही कार्यालयात गेलेलो नाही, मला काही नको आहे." फोन ठेवला गेला. तोवर बटण दाबून झालं होतं. कोड गेला आणि बाद झाला.

हे सगळं सचिव आतल्या खोलीतून ऐकत होते. अडीच वाजता ते बाहेर आले आणि म्हणाले, तिला सर्व्हरचं सांगा. लिपिकबाई म्हणाल्या, दोनदा सांगून झालंय. मग तिसऱ्यांदा सांगा, असं म्हणून ते पुन्हा आत गेले.

साडेतीनला सुईताई परत आली, ॲप्रन अंगावरच होता. एका बाहीवर कुठल्याशा मुलाने थुंकलेलं औषध गुलाबी होऊन वाळलं होतं. ती बाकावर बसली नाही. लिपिकबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली की आज जिथे असेल तिथे ती स्वतः जाते, जिल्ह्याला सांगा, आणखी कुठे सांगा, फक्त कुणाला भेटायचं ते सांगा. लिपिकबाईंना सांगता आलं नाही. भेटायचं होतं ते एका अनोळखी माणसाला, आणि तो कोणत्या गावात राहतो हेही त्यांना माहीत नव्हतं.

चारला दहा कमी असताना त्यांनी पुन्हा त्या गृहस्थांना फोन लावला. या वेळी त्यांनी ऐकून तरी घेतलं. त्यांचं म्हणणं होतं की त्यांची मुलगी चार वाजता कामावरून येते, असल्या गोष्टी तीच बघते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकाला असेच आकडे सांगितले होते आणि त्यानंतर घरात बरंच काही झालं होतं. लिपिकबाईंनी थांबते म्हणून सांगितलं.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. मुलगी घरी आली होती. तिने त्यांना जे सांगितलं तेच ते सांगत होते.

"बाई, तुम्ही खऱ्याही असाल. पण खोटी माणसंही अशीच बोलतात. अगदी अशीच."

शासनाच्या सूचनेत हेच लिहिलेलं होतं, आणि ती सूचना लिपिकबाईंच्याच पाठीमागच्या भिंतीवर चिकटवलेली होती. त्यांनी फोनचा स्पीकर चालू केला, एका हाताने तिसऱ्या प्रयत्नाचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, निदान जिचं काम आहे तिच्याशी बोला.

सुईताईने फोन घेतला. "काका," तिने सुरुवात केली, आणि आपण कोण, कुठे काम करतो, आज पाचला काय बंद होतंय ते सांगितलं. तिने गयावया केली नाही. लस घेऊन आलेल्या बाईला पुढची तारीख सांगावी तसं सांगितलं. गृहस्थांनी ऐकलं. मागे त्यांची मुलगी काहीतरी म्हणाली. मग त्यांनी विचारलं,

"मला एकच सांगा. तुमच्या घरासमोर माझा नंबर कुणी लिहिला?"

सुईताईने लिपिकबाईंकडे पाहिलं. तिला वाटत होतं, सर्व्हरमध्ये काही घोटाळा झालाय. लिपिकबाई स्क्रीनवरच्या उलट्या घड्याळाकडे बघत होत्या. तीन मिनिटं दहा सेकंद.

"मी लिहिला," त्या म्हणाल्या.

सुईताईला ते लगेच समजलं नाही. लिपिकबाईंना पहिल्यापासून सांगावं लागलं: लाल चौकट, पाच कुटुंबांची मर्यादा, जाऊ, सोडलेला नंबर. त्या भरभर सांगत होत्या आणि तरीही ते लांबत होतं. सुईताईने मधेच विचारलं, मग सोमवारी? बुधवारी? लिपिकबाई म्हणाल्या, सर्व्हर चालू होता. फोन चालूच होता, पलीकडे सगळं ऐकू जात होतं.

सुईताईने फोन तोंडाजवळ नेला. "काका, ऐकलंत ना. आता द्यायचा तर द्या."

गृहस्थ म्हणाले, थांबा, चष्मा. मुलीने आकडे वाचले, त्यांनी ते पुन्हा म्हटले, लिपिकबाईंनी टाइप केले. एंटरची कळ पहिल्यांदा दबली नाही. दुसऱ्यांदा दबली.

कोडची मुदत संपली आहे. आजचे प्रयत्न पूर्ण झाले आहेत. कृपया उद्या प्रयत्न करा.

घड्याळात चार वाजून सदतीस मिनिटं झाली होती. सुईताई आता बाकावर बसली.

जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला फोन तिनेच लावला, त्या बाकावरूनच. तिकडच्या अधीक्षकांनी नियम सांगितला. अर्जदाराची चूक नसताना दाखला राहिला असेल, तर उद्या शनिवार असला तरी दुपारी बाराच्या आत तो प्रत्यक्ष आणून दिल्यास घेता येतो. मात्र दाखला देणाऱ्या कार्यालयाचं कारणासह पत्र हवं. सुईताईने फोन लिपिकबाईंना दिला. लिपिकबाईंनी तो सचिवांना नेऊन दिला. सचिवांनी सांगितलं, तांत्रिक अडचण होती, सर्व्हर बंद होता. अधीक्षकांनी त्यांना थांबायला सांगून काहीतरी पाहिलं आणि म्हणाले की त्यांच्या समोरच्या पडद्यावर या गावाचा सर्व्हर आठवडाभर एक मिनिटही बंद दिसत नाही. आज कोड किती वाजता किती वेळा गेला, तेही दिसतंय. असं कारण लिहिलेलं पत्र त्यांना घेता येणार नाही.

सचिवांनी फोन परत दिला आणि खुर्चीत मागे टेकून बसले. त्यांच्या मते पत्र द्यायची काही गरज नव्हती. खरं लिहिलं तर चौकशी लागेल. एकीच्या नोकरीपायी अख्ख्या कार्यालयाने गोत्यात यायचं का? त्यांनी हे दार उघडं असतानाच विचारलं.

लिपिकबाई आपल्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी कोरा कागद घेतला. टाइप केलं असतं तर ते आधी सचिवांच्या लॉगिनमध्ये गेलं असतं. त्यांनी हाताने लिहिलं, बातमीत लिहावं तसं: कोणत्या तारखेला, किती कुटुंबांसमोर, कुणाकुणाचे नंबर, का. सोमवार आणि बुधवारचंही लिहिलं. दीड पान झालं. मग खाली ‘सोबत यादी जोडली आहे’ असं लिहून त्या आतल्या खोलीत गेल्या.

"सही लागेल, साहेब. शिक्काही."

"तुम्ही केलंत, तुम्ही सही करा."

"मी केलीय. पण यादी जोडावी लागेल. शेवटच्या पानावर तुमच्या सासूबाई आहेत, त्यांच्याखाली तुमचे दोन्ही मेहुणे. ते नंबर मला कुणी दिले, हे कुणीतरी विचारेलच."

सचिवांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी पेन उघडलं. ढालीचा उल्लेख काढता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. पत्रात ढालीचा उल्लेख नव्हता. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, कार्यालयाला सुट्टी. लिपिकबाईंनी पावणेनऊला कुलूप उघडलं तेव्हा सुईताई पायरीवर बसलेली होती. रात्री तिने स्वतःच त्या गृहस्थांना फोन करून वेळ ठरवली होती. सकाळी नऊला ते फिरून येतात, मुलीलाही सुट्टी असते. जिल्ह्याची बस नऊ चाळीसला होती. दोघी आत गेल्या. लिपिकबाईंनी चहाचं विचारलं, सुईताई नको म्हणाली. त्यांनी आणखी काही बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली, "बाई, आधी काम."

नऊला सुईताईने गृहस्थांना फोन लावला, नऊ वाजून दोन मिनिटांनी कोड गेला. गृहस्थांनी तो न विचारता वाचून दाखवला, मग खात्रीसाठी उलटा वाचला. दाखला छापून आला. सुईताईने त्यावरचं नाव, घर क्रमांक, वर्षं बोटाने तपासली. पत्राच्या पाठीमागे यादी आहे ना ते पाहिलं. सगळं पिशवीत ठेवलं आणि उठली नाही.

"आता माझा नंबर टाका."

लिपिकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बसला पंचवीस मिनिटं होती, थांबा दहा मिनिटांवर. त्या म्हणाल्या, सोमवारी करू, त्याला परत वेगळा कोड लागतो, परत त्यांनाच त्रास. सुईताईने बसल्या जागेवरून मान हलवली. सोमवारबद्दल तिला बोलायचं नव्हतं. तिने स्वतःचा नंबर सावकाश सांगितला, दहाही आकडे, आणि लिपिकबाई ते टाकत असताना ती वाकून स्क्रीनकडे बघत राहिली. बटण दाबलं गेलं.

फोन अजून चालूच होता. पलीकडून गृहस्थांचा आवाज आला.

"अहो, आणखी एक आलाय. हा पण सांगू का?"